अकरा प्राणी, पुसलेल्या चिठ्ठ्या: फिशर आणि रकूनच्या हाडांवरून लिंग व वय ठरवण्याचं एक प्रकरण

फरसाठी पकडल्या जाणाऱ्या प्राण्यांची कातडी काढून झाली की उरलेल्या धडांमधून, म्हणजे डोक्यासकट राहिलेल्या शरीरांमधून, वन्यजीव विभागांना दोन गोष्टी हव्या असतात: किती नर, किती माद्या; आणि त्यात त्या वर्षीची पिल्लं किती. ताज्या धडावर लिंग ओळखायला मिनिटही लागत नाही. अडचण सुरू होते ती मांस उतरल्यावर. इथलं प्रकरण अभ्यासासाठी मांडलेलं आहे. अशा कामात वेगवेगळ्या वेळी येणाऱ्या अडचणी एकाच ट्रेमध्ये आणल्या आहेत आणि ट्रेमधली मापं उदाहरणाची आहेत. पद्धती, त्यांच्या मर्यादा आणि फसण्याच्या जागा मात्र खऱ्या कामातल्या.

हाती काय आलं

उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातल्या एका सापळ्यांच्या वाटेवरून डिसेंबरची सुरुवात ते जानेवारीचा तिसरा आठवडा या काळात ७ फिशर (मिंक-मार्टेनच्या कुळातला मांसाहारी प्राणी) आणि ४ रकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, मांजरापेक्षा थोराड प्राणी) आले. नोंदवहीत एवढंच होतं: जात, संख्या आणि पहिली व शेवटची तारीख. धडं जाळीच्या पिशव्यांत घालून एकाच भांड्यात शिजवली गेली. चिठ्ठ्या साध्या कागदावर शाईच्या पेनाने लिहिलेल्या होत्या. काही पिशव्यांची तोंडं सुटली, चिठ्ठ्यांचा लगदा झाला आणि हाडं एकमेकांत मिसळली.

निवडून झाल्यावर ट्रेमध्ये फिशरच्या ७ कवट्या, खालच्या जबड्याच्या ७ डाव्या व ६ उजव्या बाजू, ४ शिश्नास्थी (नराच्या शिश्नात असणारं हाड) आणि मांडीची ७ डावी व ५ उजवी हाडं मिळाली. रकूनच्या ४ कवट्या, जबड्याच्या चारही जोड्या, ३ शिश्नास्थी आणि पुढच्या पायांची बरीचशी हाडं. फिशरच्या एका कवटीचं नाकाडं फुटलेलं होतं.

जात वेगळी करणं सोपं होतं. फिशरला ३८ दात, रकूनला ४०. रकूनच्या दाढा बोथट उंचवट्यांच्या, फिशरच्या कापणाऱ्या. रकूनचं टाळू शेवटच्या दाढेच्या बरंच मागे जातं. रकूनची शिश्नास्थी टोकाशी चांगलीच वाकलेली आणि टोकाला दोन गोल उंचवटे असलेली असते. फिशरची जवळजवळ सरळ, पुढे थोडी चपटी होणारी आणि त्या चपट्या भागात छोटं भोक असलेली. असं भोक मार्टेन या फिशरच्या छोट्या नातेवाइकातही दिसतं. या वाटेवर मार्टेन नव्हते. असते तर वरच्या मोठ्या कापणाऱ्या दाताकडे बघावं लागलं असतं. फिशरमध्ये त्या दाताच्या बाहेरच्या बाजूला, दोन मुळांच्या मधोमध एक छोटं जादा मूळ उघडं दिसतं, मार्टेनमध्ये ते नसतं. मोठा मार्टेन नर आणि छोटी फिशर मादी यांच्यात घोळ झाला तर हीच खूण कामाला येते.

पुढचं सगळं काम ज्या क्रमाने झालं तो क्रम महत्त्वाचा आहे: आधी लिंग, मग वय. वयाची हाडांवरची जवळजवळ प्रत्येक खूण नरात वेगळ्या वेगाने उमटते आणि मादीत वेगळ्या. लिंग ठाऊक नसताना वय वाचायला बसलं की लहान नर आणि थोराड मादी एकाच ढिगात जातात.

लिंग: असं माप घ्या ज्यात वय शिरणार नाही

फिशरच्या नर-मादीत आकाराचा फरक मोठा असतो. नराचं वजन मादीच्या जवळपास दुप्पट भरतं आणि पहिल्या हिवाळ्यापर्यंत पिल्लाची कवटी लांबीला जवळपास पूर्ण वाढलेली असते. त्यामुळे लांबीवरून लिंग ठरवता येतं, पण कोणती लांबी, हे ठरवण्यात चूक होते.

कॅलिपर लावताना हात आपोआप कवटीच्या सगळ्यात मागच्या टोकाकडे जातो. प्रौढ फिशर नरात ते टोक म्हणजे कवटीच्या माथ्यावरून मागे गेलेली हाडाची उभी पट्टी, मध्यशिखा. ती वयाबरोबर उंच होते आणि मागच्या बाजूला कवटीच्याही बाहेर झुकते. म्हणजे एकूण लांबी मोजली की लिंगाच्या मापात वय मिसळलं. गालाच्या कमानींची रुंदीही अशीच वयासोबत वाढत राहते. म्हणून इथे वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकापासून मानेच्या मणक्याशी जुळणाऱ्या दोन उंचवट्यांच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी घेतली. या मापात मध्यशिखा येतच नाही.

हाडं मोजण्याआधी पूर्ण वाळू दिली. ओली कवटी आणि महिनाभर वाळलेली कवटी यांच्या मापात फरक पडतो. अर्ध्या ओल्या, अर्ध्या वाळलेल्या कवट्या एकाच यादीत टाकल्या तर तो फरक प्राण्याचा वाटू लागतो. प्रत्येक माप दोनदा, मधे कॅलिपर बंद करून, शून्य तपासून. कॅलिपर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवत असला तरी कवटीवर दहाव्या भागापुढच्या आकड्याला अर्थ नसतो.

फिशरच्या कवट्यांना क्रमांक दिले क-१ ते क-७. लांब्या आल्या: क-१ १२१ मिमी, क-२ ११८, क-३ ११६, क-५ १०२, क-६ १००, क-७ ९८. मधे १४ मिमीची रिकामी जागा. तीन मोठ्या नराच्या, तीन छोट्या मादीच्या. क-४ चं नाकाडं फुटल्यामुळे लांबी घेता येईना.

तिथे सुळा उपयोगी पडला. दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, दात बाहेर येण्याआधीच बनलेलं असतं, त्यानंतर ते वाढत नाही. सुळ्याच्या टोकाची झीज होते, म्हणून उंची मोजून काही हाती लागत नाही. पण इनॅमल जिथे संपतं त्या कडेशी सुळ्याचा पुढून-मागे व्यास आयुष्यभर तोच राहतो. सातही कवट्यांचे हे व्यास मोजले, तेव्हा क-४ सरळ मोठ्या तिघांच्या रांगेत बसला आणि चौथा नर ठरला. मुळाची रुंदीही लिंगासाठी वापरली जाते, पण मुळावर बाहेरून सिमेंटम या हाडासारख्या पदार्थाचे थर चढत असतात. शक्य असेल तिथे इनॅमलची कड धरावी.

चार नर कवट्या, चार शिश्नास्थी. जुळलं. पण हे जुळणं एका बाजूनेच पुरावा असतं. शिश्नास्थी सापडली तर नर नक्की. न सापडली म्हणून मादी नव्हे. बारीक हाड जाळीतून निसटतं, मांसाच्या तुकड्याबरोबर फेकलं जातं, कातडी काढताना गुदद्वाराजवळ सुरी जास्त आत गेली तर तुटतं. फिशरमध्ये कवटीचा आकार स्वतंत्रपणे तेच सांगत होता, म्हणून प्रश्न आला नाही. रकूनमध्ये तो आला.

मध्यशिखेने काय सांगितलं

आता वय. फिशरची पिल्लं मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीला जन्मतात. डिसेंबर-जानेवारीत मेलेलं त्या वर्षीचं पिल्लू ८ ते १० महिन्यांचं, त्याच्या आधीच्या वर्षीचं २० ते २२ महिन्यांचं. हाडांना विचारायचा मुख्य प्रश्न एवढाच: पहिला हिवाळा की त्यापुढचा?

मध्यशिखा हा सगळ्यात पटकन दिसणारा पुरावा, आणि म्हणूनच त्यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवला जातो. लहानपणी जबड्याचे दोन मोठे स्नायू कवटीच्या दोन बाजूंना असतात आणि त्यांच्या कडा माथ्यावर दोन वेगळ्या रेषांसारख्या उमटतात. स्नायू वाढत जातात तसतशा या रेषा मागून पुढे एकमेकींना मिळतात, आणि मिळाल्या की त्यांच्या मधलं हाड वर उचललं जाऊन शिखा होते.

ट्रेमधल्या नोंदी अशा झाल्या. क-१: उंच, पुढपर्यंत गेलेली शिखा, मागे कवटीबाहेर झुकलेली. क-२: मागच्या तिसऱ्या भागात ठेंगणी शिखा, पुढे रेषा वेगळ्या. क-३ आणि क-४: शिखा नाही, रेषा माथ्याच्या मागे जेमतेम भेटलेल्या. क-५: मागच्या टोकाला छोटी शिखा. क-६: शिखा नाही, रेषा जवळ पण सुट्या. क-७: रेषा लांब लांब.

या वाचनानुसार क-१, क-२ प्रौढ नर, क-५ प्रौढ मादी आणि क-३, क-४, क-६, क-७ ही पिल्लं. बऱ्याच याद्या इथेच पूर्ण होतात.

यात दोन खड्डे आहेत, आणि दोन्ही लिंगाशी बांधलेले. नर पिल्लाच्या कवटीवर हिवाळा सरता सरता शिखेची सुरुवात दिसू शकते. जानेवारीत मिळालेलं पुढारलेलं नर पिल्लू आणि मागे पडलेला दुसऱ्या हिवाळ्यातला नर सारखे दिसू शकतात. मादीत शिखा उशिरा आणि कमी येते. काही माद्यांत ती कधीच धड उभी राहत नाही. म्हणजे नरात शिखेमुळे वय जास्त ठरण्याचा धोका, मादीत कमी ठरण्याचा.

सुट्या हाडांनी दिलेली हरकत

शिश्नास्थी कोणत्या कवटीची हे सांगता येत नव्हतं, पण संख्या सांगता येत होती. प्रौढ फिशरची शिश्नास्थी जड, बुडाशी जाड आणि खडबडीत कडेची असते. हे जाड बूड नर वयात आल्यावर, संप्रेरकांच्या प्रभावाखाली बनतं. पिल्लाची सडपातळ, हलकी, बुडाशी गुळगुळीत. वजन घेण्याआधी चरबी पूर्ण निघालेली हवी आणि हाड इतकं वाळलेलं हवं की लागोपाठच्या दोन दिवसांचं वजन सारखं भरेल. बुडाच्या पोकळ्यांत अडकलेली चरबी पिल्लाच्या हाडाला सहज जड करते.

चारपैकी एक जड आणि जाड बुडाची निघाली, तीन सडपातळ. शिखा म्हणत होती दोन प्रौढ नर आणि दोन पिल्लं. शिश्नास्थी म्हणत होत्या एक आणि तीन.

मांडीच्या हाडांनी हीच हरकत माद्यांच्या बाजूनेही घेतली. फिशर आणि मार्टेनमध्ये मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, मागच्या बाजूला, गुडघ्याच्या सांध्याच्या जरा वर एक छोटा हाडाचा उंचवटा प्रौढपणी तयार होतो. त्याच्याजवळच एक सुटं, कडधान्याच्या दाण्याएवढं हाड बसलेलं असतं. शिजवल्यावर ते गळून हरवतं, पण उंचवटा मांडीच्या हाडाचाच भाग असल्याने टिकतो. पिल्लात तो नसतो. डोळ्यांना दिसण्याआधी अंगठ्याच्या नखाला लागतो, म्हणून नख फिरवून बघायची सवय चांगली. फक्त त्या जागी चिकटून राहिलेला स्नायूबंधाचा वाळका तुकडा उंचवटा समजला जातो. हाड भिजवून, ब्रशने घासून मगच ठरवावं.

सात डाव्या हाडांपैकी चार लांब आणि तीन आखूड. लांब चारांत उंचवटा एकावर. आखूड तिघांत दोघांवर, त्यातल्या एकावर पुसट पण हाडाचाच. म्हणजे प्रौढ नर एक, प्रौढ माद्या दोन.

लांब हाडांच्या टोकांच्या वाढरेषा इथे मुद्दाम बाजूला ठेवल्या. मिंक, मार्टेन, फिशर यांच्या कुळात हाडांची टोकं लवकर जुळतात. वाढरेषा दिसली तर पिल्लू नक्की, पण हिवाळ्यात ती नाहीशी झालेली असली म्हणून प्राणी प्रौढ ठरत नाही. शिजवलेल्या मालात आणखी एक भानगड: न जुळलेलं टोक गळून वेगळं पडतं आणि मोजणीत एका हाडाची दोन होतात, किंवा टोक हरवल्यावर उरलेला दांडा तुटका समजून फेकला जातो. सुटलेल्या टोकाचा पृष्ठभाग बारीक उंचसखल, लहरींसारखा असतो. तुटलेल्या हाडाची कड तीक्ष्ण आणि आतली जाळी उघडी. फरक हातात घेतल्यावर लगेच कळतो.

दात: एक्स-रे आधी, काप नंतर

वाद सोडवायला सुळ्यांचे एक्स-रे घेतले. दात आतून भरत जातो. पिल्लाच्या सुळ्यात गराची (आतल्या मऊ भागाची) पोकळी रुंद आणि भिंती पातळ, पहिल्या वर्षानंतर पोकळी झपाट्याने अरुंद होते आणि पुढे जवळपास दोऱ्याएवढी उरते. दंतवैद्यकीय एक्स-रे यंत्र पुरतं. सगळे सुळे एकाच बाजूवर आडवे ठेवायचे, कारण सुळ्याचा छेद लंबगोल असतो आणि एक दात कुशीवर, दुसरा पाठीवर ठेवला तर पोकळीचं प्रमाण बदलतं. पोकळीची रुंदी आणि त्याच पातळीवरची दाताची रुंदी मोजून भागाकार घ्यायचा. नुसती पोकळीची रुंदी घेतली तर नर पिल्लू आणि मादी पिल्लू यांची तुलना बिघडते.

सुळे कवटीतले म्हणजे वरचे घेतले, हेही मुद्दाम. खालचा सुळा काढायला सोपा असतो, पण इथे कोणता जबडा कोणत्या कवटीचा हेच नक्की नव्हतं. सांध्यात बसवून, दातांची झीज जुळवून पाच जबडे खात्रीने लागले. दोन मादी जबडे क-५ आणि क-६ मध्ये अदलाबदल करूनही बसत होते. ज्या हाडाला क्रमांक दिलाय त्याच हाडातला दात वापरावा, नाहीतर वय बरोबर येऊन भलत्या प्राण्याच्या नावावर चढतं.

क-२ च्या सुळ्यात पोकळी रुंद निघाली, क-३, क-४ आणि क-७ इतकीच. क-६ ची अरुंद. शिखेने दोन्हीकडे फसवलं होतं: क-२ पुढारलेलं नर पिल्लू, क-६ दुसऱ्या हिवाळ्यातली किंवा त्याहून मोठी मादी. शिश्नास्थी आणि मांडीच्या हाडांची गणती आता तंतोतंत बसली.

पिल्लं एक्स-रेमध्येच वेगळी झाल्यावर त्यांचे दात कापण्याचं कारण उरत नाही. काप फक्त क-१, क-५ आणि क-६ चे घेतले. दाताच्या मुळावर दरवर्षी सिमेंटमचा थर बसतो: वाढीच्या काळात रुंद आणि फिकट, हिवाळ्यात अरुंद आणि गडद. गडद रेषा मोजायच्या.

दात काढताना कवटी ७० ते ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात काही तास ठेवली, मग सुळा हाताने हलवत सोडवला. थंड, कोरड्या हाडातून पक्कडीने ओढला की मुळाचं टोक आत राहतं, आणि रेषा सगळ्यात स्पष्ट असतात त्या मुळाच्या खालच्या तिसऱ्या भागात. खळखळ उकळलं तर सुळा उभा तडकतो. मुळावरचं चिकट आवरण सुरीने खरवडू नये. सिमेंटम हाच सगळ्यात बाहेरचा थर, सुरीबरोबर शेवटची वर्षंही निघून जातात. मऊ टूथब्रश पुरेसा. ब्लीच कुठेच नको. ते हाड खातं, दात खातं आणि मोजमापाच्या कडा पिठासारख्या करतं. कवट्या पांढऱ्या करायच्याच असतील तर मापं आणि दात झाल्यावर, सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने.

कापण्याआधी दात ५ टक्के फॉर्मिक आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढलं. किती वेळ, हे दाताच्या जाडीवर ठरतं. मूळ हलकेच दाबल्यावर रबरासारखं वाकलं की थांबायचं. कमी ठेवला तर पात्याखाली तुकडे होतात. जास्त ठेवला तर रंग नीट धरत नाही आणि रेषा फिक्या पडतात. नंतर रात्रभर वाहतं पाणी. गोठवणाऱ्या मायक्रोटोमवर (अतिपातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) मुळाच्या मधोमध उभे, १४ ते २० मायक्रॉनचे काप, हिमॅटॉक्सिलिन या रंगाने रंगवलेले. प्रत्येक दाताचे पाच-सहा काप बघायचे. एकाच कापावर विसंबलं तर तिरका छेद रेषा दुप्पट दाखवू शकतो.

दोन वाचकांनी, एकमेकांचे आकडे न बघता आणि कवटीचं वर्णन न वाचता, रेषा मोजल्या. क-१ दोघांनीही ३. क-६ दोघांनीही १. क-५ ला एकाने ४, दुसऱ्याने ५; चौथी रेषा काही कापांत फाटून दोन झालेली दिसत होती. इथे सरासरी काढून साडेचार लिहिणं निरर्थक, आणि ज्येष्ठ वाचकाचा आकडा धरणं त्याहून वाईट. नोंद «४–५» अशीच गेली.

रेषा म्हणजे वय नव्हे, हे जातीप्रमाणे लक्षात ठेवावं लागतं. फिशरमध्ये पहिली गडद रेषा पहिला हिवाळा सरताना बसते, म्हणून डिसेंबर-जानेवारीतल्या प्राण्यात रेषांची संख्या म्हणजे पूर्ण झालेली वर्षं. बॉबकॅट या रानमांजरात पहिली रेषा दुसऱ्या हिवाळ्यात येते, तिथे एक मिळवावा लागतो. बॉबकॅटच्या पिल्लाच्या सुळ्याचं मुळाचं टोक मात्र पहिल्या हिवाळ्यात उघडं असतं, म्हणून पिल्लू नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतं. मस्करॅटसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत तर वेगळाच रस्ता: वरच्या पहिल्या दाढेवरच्या उभ्या पन्हळी पिल्लात हाडाच्या आत शिरलेल्या दिसतात, प्रौढात त्या हाडाच्या वरच संपतात.

रकून: जिथे थांबावं लागलं

रकूनमध्ये नर थोडा मोठा असतो, पण कवट्यांचे आकार एकमेकांत इतके शिरलेले असतात की एका कवटीवरून लिंग सांगणं म्हणजे अंदाज. म्हणून कवटीवरून लिंग लिहिलंच नाही.

वय सोपं होतं. कवट्यांना क्रमांक दिले र-१ ते र-४. र-३ आणि र-४ च्या कवटीच्या तळाची, मागच्या भागातली शिवण उघडी. र-१ आणि र-२ ची जुळलेली. कोपरापुढच्या हाडांची मनगटाकडची टोकं रकूनमध्ये उशिरा जुळतात, पहिल्या हिवाळ्यात वाढरेषा ठळक असते, आणि ट्रेमध्ये अशी दोन जनावरांची हाडं होती. सुळ्यांच्या एक्स-रेनेही तेच दाखवलं. दोन प्रौढ, दोन पिल्लं.

शिश्नास्थी तीन. रकूनसाठी वापरली जाणारी जुनी सीमा अशी: ९० मिमीपेक्षा आखूड आणि १.२ ग्रॅमपेक्षा हलकी ती पिल्लाची. लहान चणीच्या प्रदेशांत ही सीमा जशीच्या तशी लावू नये. बुडाचा सच्छिद्रपणा आणि टोकाचं हाड झालंय की कूर्चाच आहे, हे सोबत बघावं. इथे दोन १०० मिमीच्या वर, भरीव आणि घट्ट टोकाच्या. तिसरी ८४ मिमी, ०.९ ग्रॅम, बूड सच्छिद्र, टोक शिजून झिजलेलं कारण ते अजून कूर्चा होतं.

दोन प्रौढ कवट्या आणि दोन प्रौढ शिश्नास्थी. नोंदवहीप्रमाणे चारच रकून होते आणि चारही डोकी ट्रेमध्ये होती, म्हणून र-१ व र-२ दोन्ही नर. पिल्लांत एक नर. ते र-३ की र-४, सांगता येत नाही. उरलेलं पिल्लू मादी असण्याची शक्यता मोठी, पण हरवलेल्या शिश्नास्थीचा नरही असू शकतो. यादीत नोंद झाली: प्रौढ नर २, पिल्लू नर १, पिल्लू लिंग अनिश्चित १, आणि र-३, र-४ दोघांच्याही लिंगाचा रकाना कोरा. तो रकाना भरायचाच असता तर शिजण्याआधी बाजूला ठेवलेला स्नायूचा तुकडा आणि डीएनए चाचणी लागली असती. तासन् तास शिजलेल्या हाडातून डीएनए मिळेल याचा भरवसा नाही.

रकून हाताळताना एक सावधगिरी हाडांपलीकडची आहे. त्यांच्या आतड्यात बेलिसॅस्कॅरिस नावाचा गोलकृमी असतो आणि त्याची अंडी माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा आजार करू शकतात. बहुतेक जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. धडाचा मागचा भाग हातमोजे घालूनच उघडावा आणि सांडलेली विष्ठा कोरडी झाडू नये. कच्चं डोकं करवतीने कापू नये. रेबीजचा धोका मेंदूच्या ऊतीतून असतो.

आकड्यांवर झालेला परिणाम

फिशरची अंतिम यादी: क-१ नर, ३ पूर्ण वर्षं, क-२, क-३, क-४ नर पिल्लं, क-५ मादी, ४–५, क-६ मादी, १, क-७ मादी पिल्लू. पिल्लं ४, प्रौढ नर १, प्रौढ माद्या २.

नुसत्या शिखेवरची यादीही पिल्लं ४ असंच म्हणत होती. क-२ ची चूक आणि क-६ ची चूक एकमेकींनी झाकली, बेरीज जुळली. पण पकडीतून प्रजननाचा अंदाज घेताना जे गुणोत्तर वापरलं जातं ते दर प्रौढ मादीमागे पिल्लं किती, हे. शिखेवरून ते ४ येत होतं, दातांवरून २. एका मादीचा वर्ग चुकल्याने आकडा दुप्पट झाला.

त्यातही एक पाचर आहे. फिशर मादी एक वर्षाची असताना फळते, पण गर्भ जवळपास वर्षभर रुजत नाही, म्हणून पहिली पिल्लं दोन वर्षांची झाल्यावर होतात. २० ते २२ महिन्यांची क-६ मेली तेव्हा तिला एकदाही पिल्लं झालेली नव्हती. प्रत्यक्ष व्यालेल्या माद्याच मोजायच्या तर भाजक एक, आणि गुणोत्तर पुन्हा ४. शिखेच्या चुकीच्या यादीतला आकडा योगायोगाने तोच. म्हणून अहवालात गुणोत्तराच्या शेजारी प्रौढ मादी कोणत्या वयापासून धरली हे लिहिलं आणि दोन्ही आकडे दिले. सात प्राण्यांवर कुठलंही गुणोत्तर उभं राहत नाही हे वेगळं. ही यादी मोठ्या प्रदेशाच्या बेरजेत जाणार होती, आणि तिथे प्रत्येक ट्रेने एकाच बाजूला चूक केली तर ती झाकली जात नाही.

पुढच्या हंगामासाठी सापळे लावणाऱ्यांकडे चार गोष्टी मागितल्या गेल्या. प्रत्येक धडाला पकडीची तारीख. कातडी काढतानाच लिंगाची नोंद. रकूनचा एक पुढचा पाय मनगटाच्या खाली कापणे, म्हणजे हाडांची वाढणारी टोकं धडाबरोबर राहतील. आणि ठोसे मारून क्रमांक उमटवलेली ॲल्युमिनियमची चकती, तारेने खालच्या जबड्याला नव्हे तर गालाच्या कमानीला बांधलेली, कारण शिजल्यावर जबडा कवटीपासून सुटतो आणि चकती त्याच्याबरोबर जाते.